इव्होच्या हेडमध्ये नवे व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवताना: आधी मोजमाप, मग पार्सल

टर्बो गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि कॅम असलेला वरचा भाग, 'बिल्ड' करायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात खरेदीपासून होते. स्प्रिंग, टायटेनियमचे रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), एक मिमी मोठे व्हॉल्व्ह, ब्राँझचे गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), सगळं एकाच दमात मागवलं जातं. मग खोकं फोडून भाग हेडवर ठेवायचे आणि बसतात का ते बघायचं. बसतात हो, जवळजवळ सगळंच बसतं! पण बसणं वेगळं आणि आठ हजार आरपीएमला दोन बार बूस्टखाली (टर्बो भरतो तो हवेचा जादा दाब) टिकणं वेगळं. या कामात पैसा भागांवर जातो, पण इंजिन वाचतं ते व्हर्नियर आणि डायल गेजमुळे. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी काय मोजायचं, मग काय घ्यायचं.

उदाहरण घेतलंय मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन, म्हणजे इव्हो, आठ आणि नऊच्या ४जी६३ इंजिनाचं. १९९७ सीसी, ८५ मिमी बोअर, ८८ मिमी स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅम, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंग बेल्ट. रोलर रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी दांडी) आणि त्यांच्या टेकूला हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (तेलाच्या दाबाने फट भरून काढणारा). अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, जिथे जिथे आपली मंडळी या गाड्या बाळगून आहेत तिथे या इंजिनाचे भाग सहज मिळतात. भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा लगेच करतो. हिंदुस्थान मोटर्सने विकलेल्या साध्या लान्सरमध्ये हे इंजिन नव्हतं. २०१० मध्ये भारतात मोजक्या संख्येने आलेली इव्हो दहा ही ४बी११ इंजिनाची. तिथे बेल्टऐवजी चेन आहे आणि कॅम थेट व्हॉल्व्हवरच्या वाटीवर, म्हणजे बकेटवर, चालतो. त्यामुळे खालची पद्धत कुठल्याही टर्बो हेडला लागू पडेल, पण आकडे ४जी६३चेच समजा.

स्प्रिंगला नेमकं काय पेलावं लागतं

स्प्रिंगचं पहिलं काम सगळ्यांना ठाऊक असतं: रॉकरचा रोलर कॅमच्या लोबला चिकटून ठेवणं. कॅमने व्हॉल्व्हला ढकललं की त्याला परत आणण्याची जबाबदारी एकट्या स्प्रिंगची. वेग वाढला की जडत्वाचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ७००० वरून ८००० आरपीएमला जाणं म्हणजे वेगात १४ टक्के वाढ, पण बलात ३१ टक्के. स्प्रिंग कमी पडली की रोलर लोब सोडून हवेत जातो. यालाच फ्लोट म्हणतात. ४जी६३मध्ये फ्लोटचे दोन खास परिणाम होतात. एक, सैल पडलेली जागा भरून काढायला लॅश ॲडजस्टर फुगतो आणि क्षणभर व्हॉल्व्ह सीटवर (हेडमधली तो टेकतो ती कडी) बसूच देत नाही. दुसरा जास्त वाईट. रॉकर कशाला बोल्टने अडकवलेला नसतो, नुसता ॲडजस्टर आणि व्हॉल्व्हच्या टोकावर टेकलेला असतो. तो निसटून बाहेर पडतो. या इंजिनावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, कव्हर उघडल्यावर आडवा पडलेला रॉकर त्याने पाहिलेला असतो.

दुसरं काम बूस्टशी संबंधित, आणि इथे बरीच अर्धवट माहिती फिरते. नेहमीचा हिशेब असा असतो: इनटेक व्हॉल्व्ह ३४ मिमी, म्हणजे स्टेम (दांडी) वगळून मागची जागा पावणेनऊ चौरस सेंमी. १.५ बार बूस्ट म्हणजे दर चौरस सेंमीला दीड किलो. तेव्हा बूस्ट व्हॉल्व्हला जवळपास साडेतेरा किलोने उघडायला बघतो, म्हणून स्प्रिंग तेवढी जास्त कडक हवी. गणित बरोबर आहे, पण ते व्हॉल्व्हच्या एकाच बाजूचं आहे. इनटेक व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा सिलिंडरमध्येही तोच बूस्ट भरलेला असतो. पुढे कॉम्प्रेशन आणि पॉवर स्ट्रोकमध्ये सिलिंडरचा दाब उलट त्याला सीटवर दाबून धरतो. एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये, रस्त्यावरच्या गाडीला असतो तसा छोटा टर्बो असेल, तर सिलिंडरमधला दाब बूस्टपेक्षा जास्तच असतो. साडेतेरा किलो हा आकडा म्हणूनच कमाल भीतीचा आकडा; प्रत्यक्षात तो क्वचितच पूर्ण लागू होतो.

खरी काळजी एक्झॉस्ट बाजूची. छोट्या टर्बाइनच्या अलीकडे मॅनिफोल्डमधला दाब बूस्टपेक्षा सहज जास्त असतो. इनटेक स्ट्रोक चालू असताना सिलिंडरमध्ये १.५ बार आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये ३ बार असतील, तर ३०.५ मिमीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर फरकाचा दाब १.५ बार, म्हणजे दहा-अकरा किलो उघडण्याच्या दिशेने. तेही सरासरी. इव्होचा टर्बो ट्विन स्क्रोल आहे, म्हणजे एक्झॉस्टला दोन वेगळे मार्ग. १-४ आणि २-३ असे सिलिंडर जोडलेले. त्यामुळे एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या ओव्हरलॅपमध्ये (इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही उघडे असतात तेव्हा) घुसत नाही, हा मोठा फायदा. पण चार नंबरचा एक्झॉस्ट उघडतो तेव्हा एक नंबर इनटेक स्ट्रोकच्या शेवटाला आलेला असतो, आणि तो धक्का थेट त्याच्या बंद एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पाठीवर आदळतो. मूळ स्प्रिंग सीटवर अंदाजे २५ ते ३० किलो देते, तीही नवी असताना. दीड लाख किलोमीटर चाललेली स्प्रिंग त्यातलं काही हरवून बसलेली असते. वरच्या आरपीएमला बूस्ट असूनही गाडी 'फुस्स' होते, इग्निशन, इंधन सगळं ठीक असतं, तेव्हा संशयित ही थकलेली स्प्रिंग.

मग काय घ्यायचं

कॅम मूळचेच, आरपीएम ७२०० च्या आत, बूस्ट १.५ बारपर्यंत, एवढंच करायचं असेल तर नव्या स्प्रिंग आणि नवे व्हॉल्व्ह सील (गाईडवर बसून तेल अडवणारे) पुरे. हेड काढायचीही गरज नाही. सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात, किंवा जाड मऊ दोरी आत सरकवून पिस्टन वर आणायचा. २७२ अंशांच्या आसपासचे (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) कॅम आणि आठ हजारांची मर्यादा ठरवली असेल, तर मात्र हेड टेबलावर आलंच पाहिजे.

स्प्रिंगमध्ये दोन पंथ आहेत. जुना दुहेरी स्प्रिंगचा: बाहेरची आणि आतली. एक तुटली तर दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरमध्ये पडू देत नाही. नवा पंथ बीहाइव्हचा, वर निमुळती होत जाणारी एकेरी स्प्रिंग. वरचा व्यास लहान, त्यामुळे रिटेनर लहान आणि हलका. हलणारं वजन कमी. स्प्रिंगचं स्वतःचं साधारण एक तृतीयांश वजनच हलत्या वजनात धरतात, पण रिटेनरचं शंभर टक्के, हे लक्षात घेतलं की या आकाराचं महत्त्व पटतं. रोज चालवायच्या गाडीला मी बीहाइव्ह सुचवेन. केल्फर्ड, जीएससी, सुपरटेक, ब्रायन क्रोअर असे बरेच जण ४जी६३साठी संच बनवतात. नावापेक्षा त्यांच्या कागदावरच्या चार आकड्यांकडे बघा: बसवायची उंची, त्या उंचीवरचा भार, दर मिमीमागे वाढणारा भार आणि कॉइल बाइंडची (वेटोळी एकमेकांना टेकतात ती) उंची. हे चार आकडे जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

रस्त्यासाठी सीटवर ३६ ते ४० किलो आणि पूर्ण लिफ्टला (व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर) ९० ते १०० किलो हा पल्ला भरपूर आहे. त्याहून कडक स्प्रिंग घेतली की कॅमच्या नाकावर, रोलरच्या पिनवर आणि ॲडजस्टरमधल्या तेलाच्या फिल्मवर रोज, ट्रॅफिकमध्येसुद्धा, तो भार पडतो. 'जास्त कडक म्हणजे जास्त सुरक्षित' हा विचार हेडला महागात पडतो.

टायटेनियमचा रिटेनर हलका असतो हे खरं, पण स्प्रिंग टेकते तिथे तो झिजतो आणि वेळोवेळी उघडून बघावा लागतो. दर मोसमात इंजिन खोलणाऱ्याने तो घ्यावा. ऑफिसला जाणाऱ्या गाडीत चांगल्या टूल स्टीलचा रिटेनर बसवा आणि विसरून जा.

मोठे व्हॉल्व्ह? पैसे वाया. टर्बो गाडीला हवा कमी पडली तर बूस्ट जरा वाढवता येतो. मोठा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीजवळ सरकतो, जड होतो, आणि सीट कापण्याचा खर्च वेगळाच. मूळ मापाचेच चांगल्या धातूचे व्हॉल्व्ह घ्या. इव्हो आठ-नऊचे मूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतून पोकळ आणि सोडियमने अर्धवट भरलेले असतात. सोडियम ९८ अंशांना वितळतं, स्टेममध्ये वरखाली हिंदकळतं आणि डोक्याची उष्णता गाईडकडे पोचवतं. चांगली रचना आहे, पण असा व्हॉल्व्ह कधीही कापू नका, स्टेम घासू नका, भंगारात तसाच टाकू नका; सोडियम पाण्याला लागला की पेट घेतो. बदलायचेच असतील तर इन्कोनेल ७५१. उष्णतेत ताकद टिकवण्यात त्याला तोड नाही, मात्र तो उष्णता कमी वाहतो. म्हणून त्याच्या सीटची रुंदी काटकसरीने ठरवू नका. इनटेकला २१-४एन स्टेनलेस पुरेसं आहे, तिथे इन्कोनेल म्हणजे उधळपट्टी.

खोलण्यापूर्वी आणि खोलताना

गाडी खोलायच्या आधी, इंजिन बंद ठेवून, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते मोजणं) करून चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहा. नंतर तुलनेला हेच लागतील. मग इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमचं हेड बोल्ट सैल करताना वाकतं.

एक नंबर पिस्टन वर आणा, दोन्ही कॅम पुलींच्या खुणा समोरासमोर येतात. बेल्ट काढायच्या आधी फोटो काढा. कॅमच्या कॅपवर क्रमांक कोरलेले असतात. त्या अदलाबदल करायच्या नाहीत, कारण हेड आणि कॅप एकत्र बसवून बोअर केलेलं असतं. रॉकर, ॲडजस्टर, व्हॉल्व्ह सगळं सोळा खणांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. हेडचे बोल्ट कडेकडून मधल्याकडे, दोन-तीन टप्प्यांत सैल करा.

हेड धुतल्यावर पहिली तपासणी सपाटपणाची. सरळ पट्टी कर्णातून, लांबीने, आडवी ठेवून फिलर गेज घाला. ०.०५ मिमीपर्यंत चांगलं, ०.२ ही शेवटची मर्यादा, आणि फेसिंग (पृष्ठभाग कापून सपाट करणं) करताना हेड आणि ब्लॉक मिळून ०.२ मिमीपेक्षा जास्त काढायचं नाही. मूळ उंची १३१.९ ते १३२.१ मिमी असते. तुमचं हेड आधीच कुणीतरी दोनदा फेस केलेलं निघू शकतं, म्हणून मोजाच. दोन एक्झॉस्ट सीटच्या मधल्या पुलावर आणि सीटपासून प्लगच्या भोकाकडे जाणाऱ्या चिरा शोधा. केसासारखी दिसणारी प्रत्येक रेघ धोकादायक नसते, पण निर्णय प्रेशर टेस्ट करणाऱ्यावर सोपवा.

गाईड, सीट, सील

नवा व्हॉल्व्ह ढिल्या गाईडमध्ये घालणं ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत मूर्खपणाची बचत. स्टेमला मायक्रोमीटर, गाईडला छोटं बोअर गेज, वर-मध्ये-खाली तीन जागी. इनटेकला ०.०२ ते ०.०५ मिमी, एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०९ मिमी फट हवी. मर्यादा अनुक्रमे ०.१० आणि ०.१५. नवे व्हॉल्व्ह जुन्यापेक्षा शतांश मिमीने जाड-बारीक असू शकतात, म्हणून गाईड रीम करण्याआधी (आतलं भोक नेमक्या मापाचं करण्याआधी) नवे व्हॉल्व्ह मशीन शॉपला द्या, कागदावरचं माप नको. ब्राँझचा गाईड उष्णता चांगली वाहतो आणि स्टेमला सांभाळतो. टर्बोच्या एक्झॉस्ट बाजूला तो खर्च योग्य ठरतो.

गाईड बदलला की सीट पुन्हा कापलीच पाहिजे, कारण सीटचा मध्य गाईडवरून ठरतो. ३०-४५-६० अशी तीन कोनांची सीट रस्त्यासाठी उत्तम. मूळ मापात संपर्काची रुंदी ०.९ ते १.३ मिमी आहे. इनटेक त्या पट्ट्यात ठेवा, एक्झॉस्ट मात्र वरच्या टोकाला किंवा किंचित पुढे, दीड मिमीपर्यंत. व्हॉल्व्हच्या उष्णतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सीटमधून बाहेर जातो. फ्लो बेंचवरच्या (हवेचा प्रवाह मोजायचं यंत्र) दोन आकड्यांसाठी हा रस्ता अरुंद करण्यात अर्थ नाही. संपर्काची रेघ व्हॉल्व्हच्या कडेला टेकता कामा नये, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेची जाडी १ मिमीच्या खाली गेली असेल तर तो टाकून द्या.

मार्किंग ब्लू लावून रेघ अखंड येते का बघा. लॅपिंग पेस्टने जरासं फिरवून खूण बघायला हरकत नाही, पण वाईट कापलेली सीट पेस्टने घासघासून बरी करणं हे काम नव्हे. शेवटी व्हॉल्व्ह-स्प्रिंग लावून हेड कुशीवर, पोर्टचं तोंड वर येईल असं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल भरा. काही मिनिटांत चेंबरकडून पाझर दिसला नाही तर पुढे चला. शॉपकडे व्हॅक्यूम टेस्टर असेल तर तो अधिक खात्रीचा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतीत अचूक मशीनिंग करणारे पुष्कळ सापडतील, पण तुमचं हेड त्यांच्यापैकी सीट-गाईडचं काम नेमाने करणाऱ्याकडेच द्या. गाईड रीम केल्यावर तो फट कशी मोजतो, हा एकच प्रश्न विचारा. 'हाताला कळतं' असं उत्तर आलं तर हेड गाडीत परत ठेवा.

स्प्रिंगची उंची: इथे घाई नको

सीट कापल्या, व्हॉल्व्ह बदलले, म्हणजे सोळाही ठिकाणची उंची बदलली. आता व्हॉल्व्ह घाला, नव्या संचाची खालची वाटी बसवा, रिटेनर आणि कॉटर (त्याला स्टेमवर अडकवणाऱ्या पाचरी) लावा, पण स्प्रिंग नको. रिटेनर वर ओढून धरा आणि वाटीपासून रिटेनरच्या टेकण्याच्या कडेपर्यंत मोजा. यासाठी स्क्रूचं उंचीमापक मिळतं, ते घ्या. व्हर्नियरने दोन हातांची कसरत होते आणि माप चुकतं. मूळ इंजिनात ही उंची ४० मिमीच्या आसपास असते. संचातली वाटी मूळ वाटीपेक्षा जाड-पातळ असू शकते, म्हणून जुन्या वाटीवर मोजलेलं काहीही कामाचं नाही.

समजा स्प्रिंगच्या कागदावर लिहिलंय: ४० मिमीला ३८ किलो, दर मिमीला ५.५ किलो, बाइंड २६.५ मिमीला. तुमच्या तीन नंबरच्या एक्झॉस्टला उंची ४०.५ आली. अर्धा मिमी म्हणजे पावणेतीन किलो गेले, सीटवर उरले सव्वापस्तीस. वाटीखाली अर्धा मिमीची शिम टाकली की परत ३८. सोळाही ठिकाणं एकमेकांच्या पाव मिमीच्या आत आणा. शिम नेहमी खाली, हेडच्या बाजूला.

आता लिफ्टचा हिशेब. कॅमची लिफ्ट १०.५ मिमी असेल तर पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची उंची २९.५. बाइंड २६.५, म्हणजे ३ मिमी शिल्लक. किमान दीड मिमी हवीच. खूप शिल्लक राहणंही चांगलं नाही, कारण सैल कॉइलमध्ये लाटा उठतात आणि स्प्रिंग स्वतःच थरथरते. पूर्ण लिफ्टचा भार ३८ अधिक १०.५ गुणिले ५.५, म्हणजे सुमारे ९६ किलो. वर सांगितलेल्या पल्ल्यात बसतो. कागदावर विश्वास ठेवण्याऐवजी निदान चार स्प्रिंग टेस्टरवर दाबून बघा. एका खोक्यातल्या सोळा स्प्रिंगमध्येही फरक असतो, आणि सर्वांत कडक एक्झॉस्टला द्यायच्या.

राहिलं रिटेनर आणि सीलचं अंतर. सील गाईडवर बसवून, स्प्रिंगशिवाय व्हॉल्व्ह पूर्ण लिफ्टएवढा खाली ढकला. रिटेनरचा तळ सीलपासून दीड मिमी तरी लांब हवा. मोठ्या लिफ्टच्या कॅमला हीच जागा पहिल्यांदा नडते, आणि सील ठेचलं गेल्यावर कळतं ते निळ्या धुरावरून. सील व्हाइटॉनचे घ्या. इनटेक आणि एक्झॉस्टचे वेगळे असतात, आणि एकदा काढलेलं सील परत बसवायचं नाही.

व्हॉल्व्हचं टोक आणि ॲडजस्टर

सीट जितकी खोल कापली तितकं व्हॉल्व्हचं टोक वर येतं. साध्या टॅपेटच्या इंजिनात ते फटीत लगेच दिसतं. इथे हायड्रॉलिक ॲडजस्टर निमूटपणे खाली दबून ते झाकून टाकतो. त्याचा प्रवास संपला की गार इंजिनात सगळं ठीक वाटतं आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. मग कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. फॅक्टरी मॅन्युअलमध्ये स्प्रिंगच्या बैठकीपासून टोकापर्यंतची उंची आणि तिची मर्यादा दिलेली असते. सवलत अर्ध्या मिमीच्या आसपासच आहे. मर्यादा ओलांडली तर सीट बदला. टोक किंचित घासता येतं (सोडियमचा व्हॉल्व्ह सोडून), पण वरचा कडक थर पातळ असतो.

ॲडजस्टर टिकटिक करत असतील तर बदलण्याची हीच वेळ. मित्सुबिशीने नंतर मोठ्या छिद्राचे सुधारित ॲडजस्टर काढले, तेच घ्या. बसवण्यापूर्वी स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून, आतली गोळी बारीक तारेने दाबून, प्लंजर वरखाली करत हवा काढा. हवा गेलेला ॲडजस्टर अंगठ्याने दाबला जात नाही.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर

४जी६३मध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना गाठू शकतात, त्यामुळे कॅम बदललात, हेड फेस केलंत किंवा व्हॉल्व्ह बदललेत तर ही पायरी टाळता येत नाही. हायड्रॉलिक ॲडजस्टर दबतो म्हणून तपासणीसाठी एक जुना ॲडजस्टर आत वॉशर भरून घट्ट करून घ्या. एका सिलिंडरवर हलक्या स्प्रिंग लावा, वापरलेली हेड गॅस्केट ठेवून हेड आवळा, बेल्ट जुळवा. आता टॉप डेड सेंटरच्या (टीडीसी, पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) आधी १५ अंशांपासून नंतर १५ अंशांपर्यंत पाच-पाच अंशांनी इंजिन हाताने फिरवत प्रत्येक जागी रिटेनर बोटाने दाबा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागेपर्यंत किती गेला ते डायल गेजवर वाचा. एक्झॉस्ट टीडीसीच्या दहाएक अंश आधी सर्वांत जवळ येतो, इनटेक दहाएक अंश नंतर. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी किमान.

इव्हो नऊमध्ये इनटेक कॅमला मायव्हेक (कॅमचं टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा) आहे. तेलाचा दाब नसताना ती पुली मागे असते, आणि पुढे गेली की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो. ती पूर्ण पुढे अडकवून पुन्हा मोजा. नुसतं मागच्या स्थितीत मोजून 'भरपूर जागा आहे' म्हणणारे बरेच भेटतात.

जोडणी

मूळ बोल्ट वापरणार असाल तर डोक्याखालची लांबी मोजा, ९९.४ मिमीच्या पुढे गेलेला बोल्ट ताणलेला आहे. आवळण्याचा क्रम: मधून कडेला, ७८ न्यूटन-मीटर, मग पूर्ण सैल, पुन्हा २०, मग ९० अंश आणि आणखी ९० अंश. १.७ बारच्या पुढे बूस्ट नेणार असाल तर एआरपी कंपनीचे स्टड लावा, आणि तिथे हा क्रम विसरून त्यांच्या कागदावरचा टॉर्क आणि त्यांचंच वंगण वापरा. साध्या तेलाने तोच टॉर्क दिला तर पकड कमी बसते.

कॅम कॅप टप्प्याटप्प्याने २० न्यूटन-मीटर. घाईत एका टोकाने आवळल्या तर कॅम वाकडा बसून हेडमधली त्याची बैठक खराब होते. कॅम पुलीचा बोल्ट ८८. बेल्ट बसवताना सगळ्यांचं लक्ष कॅमच्या खुणांवर असतं आणि ऑइल पंपाची पुली निसटते. तिची खूण जुळूनही आतला बॅलन्स शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून ८ मिमीचा सरळ स्क्रू ड्रायव्हर घाला. ६० मिमी आत गेला तर बरोबर, २०-२५ मिमीवर अडला तर पुली एक फेरा फिरवा. इंजिन हाताने सहा फेरे फिरवून पंधरा मिनिटं थांबा आणि टेन्शनरचा दांडा किती बाहेर आहे ते मोजा: ३.८ ते ४.५ मिमी.

पहिला स्टार्ट आणि पुढचे काही दिवस

इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा, ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक करा. सुरू झाल्यावर ॲडजस्टर काही मिनिटं खडखडतील. हळूहळू ३००० पर्यंत न्यायचं, हळूहळू सोडायचं, पुन्हा पुन्हा. उरलेली हवा अशीच निघते. अर्ध्या तासाने एकच जागा टिकटिकत राहिली तर कव्हर उघडा, रॉकर बघा.

नवे कॅम असतील तर ईसीयूचं (इंजिनाचा संगणक) ट्यूनिंग पुन्हा करावं लागेल, आणि आरपीएमची मर्यादा तिथेच ठरवा. स्प्रिंग आठ हजारांच्या असल्या तरी कटऑफ ७८०० ला ठेवायला लाज वाटून घेऊ नका. आणि पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला तर इंजिन साडेनऊ-दहा हजारांना जाईल. त्याला कुठलीच स्प्रिंग पुरी पडत नाही. कागदपत्रांचंही बघून घ्या: भारतात वाहनातल्या फेरफारांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कॅलिफोर्नियात ईओ (सरकारी मंजुरीचा) क्रमांक नसलेला कॅम स्मॉग तपासणीत अडकतो.

हजारेक किलोमीटरनंतर तेल बदला आणि जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघा. थोडी राखाडी भुकटी चालेल, चुंबकाला चिकटणाऱ्या चकत्या नाहीत. मग लीक-डाउन टेस्ट पुन्हा करा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. एखाद्या सिलिंडरचा आकडा वाढला असेल तर कान एक्झॉस्टच्या टोकाला लावा, मग इनटेकच्या, मग ऑइल फिलरच्या. हवा कुठून सुटते त्यावरून कुठली सीट, की पिस्टनच्या रिंगा, पुन्हा बघायच्या ते कळेल.